दिवेलागणीच्या अलीकडचे लग्न

आमच्या वाडीत नवरामुलगा मांडवात उशिरा आला तर लोक समजून घेतात. काळ्या वाटाण्यांची उसळ उशिरा आली तर घेत नाहीत. अशा वाडीत दाजीकाकांनी आपल्या पुतणीच्या लग्नातून काळे वाटाणेच हद्दपार केले. कारण एवढेच, की वाटाणे घाटावरून येतात.

दाजीकाका आमचे शेजारी. त्यांच्याबद्दल हे लिहावे की नाही, याचा मला बरेच दिवस संकोच होता. कारण ते हयात आहेत आणि त्यांना वाचता येते. पण लग्नाला सव्वाशे माणसे हजर होती. तेव्हा मी गुपित फोडतो आहे असे कोणी म्हणणार नाही.

जगाचे त्यांनी दोन भाग केले होते. "जेवन भायर पडलेलो माणूस दिवेलागणीक घराक परत येता, थंयसर आपलो मुलूख. तेच्या पुढे परमुलूख." म्हणजे दुपारी जेवून पायी निघालेला माणूस जिथे जाऊन दिवे लागायच्या आत परत येतो, तेवढेच आपले. परमुलखातली वस्तू त्यांच्या तोंडात जात नसे, आणि दुसऱ्याने खाल्लेली त्यांना खपत नसे. साखर नाही, तूरडाळ नाही, चहा तर नाहीच. भूगोल मी कॉलेजातही वाचला, पण इतकी सुटसुटीत व्याख्या तिथे कोणी सांगितली नाही.

नाकाला मात्र हा कायदा लागू नव्हता. त्यांची तपकीर खुशाल परमुलखातून यायची. एकदा मी भीत भीत विचारले, "काका, कंदिलातलं रॉकेल कुठलं?"

"अरे झिला, रॉकेल खाता कोण?" त्यांनी चिमूट ओढली. "कॉलेजात ह्याच शिकवतत काय?"

सुमा त्यांची पुतणी. तिचे आईबाप ती लहान असतानाच गेले. काकांनी स्वतः लग्न केले नाही, तिला वाढवले. मुंबईच्या मुलाशी तिचे लग्न जमले तेव्हा वाडीला वाटले, आता कायदा सैल होईल. तो आणखी आवळला. मी मेच्या सुट्टीत कोल्हापूरहून घरी आलो, तर काकांनी मला ओट्यावर बसवून यादी लिहायला लावली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे वाडीतले सगळे लिहिणे माझ्याकडे येई.

काजूची उसळ, फणसाची भाजी, सोलकढी. गोडाला शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या ओल्या शेवया, आणि त्यावर माडाचा गूळ घातलेला नारळाचा रस. वाडीतल्या बायकांनी सव्वाशे माणसांचे शिरवाळे दाबले. आई दंड चोळत म्हणाली, "दाजीभावजींचो मुलूख ल्हान, पण हाल आमचे मोठे."

फुलांतून गुलाब गेले. हार अबोलीचे ठरले.

"अबोलीक वास नाय ओ काका," सुमा म्हणाली.

"गुलाबाक आसा. पण तो वास खंयचो?"

"मगे ओवळां तरी घाला."

ओवळां म्हणजे बकुळीची फुले. ती देवळामागे पडत. त्या दिवसापासून काका रोज सकाळी कमरेवर हात ठेवून, कण्हत, झाडाला शिव्या देत फुले वेचू लागले. दुसऱ्या कोणाला वेचू देत नसत.

यादी संपत आली तेव्हा मी धीर करून म्हणालो, "काका, नवरा मुंबईचा. तो चालतो?"

काकांनी माझ्या हातातल्या कागदावर बोट आपटले. "यादी लिही."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आले. काकांनी गूळ घातलेले कोकमाचे सरबत दिले. नवऱ्याचे चुलते मुंबईत हापिसात होते आणि इस्त्रीच्या मराठीत बोलत. पेला खाली ठेवून ते म्हणाले, "छान. आता चहा येऊ द्या."

"चाय नाय."

"नाही म्हणजे? आम्ही मुलाकडचे. इथे काय उपास करायला आलो?"

"चाय खंयची? आसामची," काका शांतपणे म्हणाले. "आसामात जेवन गेलेलो माणूस दिवेलागणीक परत येता?"

त्याबरोबर त्या गृहस्थांची इस्त्री मोडली. "गेलो खड्ड्यात तुझो आसाम! चाय नाय, तर नवरो मांडवात येवचो नाय!" असे म्हणून ते सगळे वऱ्हाड घेऊन फणसाखाली जाऊन बसले. मुहूर्ताला तासभर उरला होता. आत सुमा मुंडावळ्या बांधून बसली होती, आणि फणसाखालचा आरडाओरडा तिला ऐकू येत होता.

आता सांगायला हरकत नाही : आमच्या घरात चहाची पूड होती. तशी ती वाडीतल्या प्रत्येक घरात होती. काकांच्या राज्यात सगळी प्रजा चोरटी होती. आईने मागच्या चुलीवर मोठा टोप चढवला आणि मला दारात पहाऱ्याला उभे केले. पहारा मला जमला नाही. काका थेट आत आले.

तपकिरीने बधिर झालेल्या त्या नाकालाही वास लागलाच. आईने टोपावर झाकण ओढले. 

काका झाकणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वयनी, साखर पुरतली मा?"

आणि माझ्याकडे वळून, "तू न्हेवन दी. माका काय एक दिसूक नाय." एवढे बोलून ते विहिरीकडे तोंड करून उभे राहिले.

चहा झाला, नवरा मांडवात आला, लग्न लागले. चुलत्यांनी शिरवाळे तीनदा मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी जेवून आम्ही मालवणच्या बंदरावर गेलो. सुमा वऱ्हाडासोबत पडावात बसली. पडाव तिला बोटीपर्यंत नेणार होता. काकांनी केळीच्या पानात गुंडाळलेली बकुळीची वेणी तिच्या हातात दिली. मग खलाशाला विचारले, "मुंबईक कधी पोचतली?"

"उद्या, काका."

त्यांनी तपकिरीची डबी उघडली आणि तशीच मिटली.  आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवे अजून लागायचे होते.

दिवाळीला आलो तेव्हा काकांनी हाक मारली. चुलीजवळ एक पत्र्याचा डबा होता. त्यात चहाची पूड आणि कागदाच्या पुडीत साखर.

"थंय सुमाक सवय लागली आसतली," ते डब्याशी बोलल्यासारखे म्हणाले. "इली तर म्हणतली, काकाच्या घरात माका चाय पण गावणा नाय. तू कॉलेजात पितंस मा? कशी करतत ती दाखय."

मी दाखवली. पाणी किती, पूड किती, कधी उतरायचे. त्यांनी कपात फुंकर घातली, एक घोट घेतला आणि एरंडेल प्यायल्यासारखे तोंड केले.

"शी! परमुलूख!"

आणि टोपात पुन्हा पाणी ओतून म्हणाले, "आता मी करतंय. तू चुकलेला सांग."