चाक नसलेल्या गाडीची पूजा

“ज्याला चाक न्हाई त्याला बिरेक न्हाई. आन ज्याला बिरेक न्हाई त्याच्यावर माणूस बसवू न्हाई,” धोंडाबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या.

“बरं आई,” श्रेया म्हणाली आणि मोबाइलमध्ये बघत राहिली.

एरवी श्रेया एकही इशारा वाया जाऊ देत नसे. चॉकलेटच्या वेष्टनावरचा बारीक मजकूर ती वाचायची. तिची चार वर्षांची लेक संस्कृती पायरी उतरायची तर ती दोन पायऱ्या खाली हात पसरून उभी राहायची. पण हा इशारा सासूकडून आला होता, तोही लसणाबरोबर. शिवाय त्या घटकेला ती वॉटर स्कूटर उलटली तर काय करावं हे वाचत होती.

स्कूटरचं खूळ तिच्या नवऱ्याचं, आदेशचं. ओझरला देवळामागे धरणाचा फुगवटा आहे, तिथे आदेशची एक बोट चालायची. विघ्नहराचं दर्शन घेऊन लोक यायचे, बोटीत बसायचे आणि विचारायचे, “ते पाण्यावरून उडत जाणारं नाही का तुमच्याकडं?” तिथून आदेशची झोप उडाली.

दोघं पुण्यातल्या शोरूमला जाऊन आले. पुन्हा गेले. दर खेपेला इंजिन बदललेलं असायचं आणि किंमतही. आधी टू-स्ट्रोक जाऊन फोर-स्ट्रोक आलं. मग त्यात हवा कोंबणारं काहीतरी बसवलं. मग हँडलवरच ब्रेक आणि रिव्हर्स आला. पहिल्या खेपेला जी वस्तू ट्रॅक्टरच्या भावात होती, ती शेवटच्या खेपेला चारचाकीच्या भावात गेली, आणि तिथला मुलगा म्हणाला, “मॅडम, हा रेट रविवारपर्यंतच.”

“आपल्या टोमॅटोचं इंजिन कुणी बदलत न्हाई ना, म्हणून त्याचा भाव पडतो,” परतताना आदेश म्हणाला.

शेवटी कोकणातल्या एकाने धंदा बंद केला आणि त्याची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर पिकअपमधून ओझरला आली. तिला ब्रेक नव्हता, रिव्हर्स नव्हता, न्यूट्रलही नव्हता. सुरू झाली की पुढे जायची, एवढंच तिला ठाऊक. मोटारी दुरुस्त करणारा गोरख मात्र तिच्याभोवती फिरून खूश झाला.

“वहिनी, काय न्हाई यात. पेट्रोलमंदी ऑइल मिसळायचं. आपला फवारणीचा पंप हाय ना, त्याचा थोरला भाऊ.”

“आणि ही लाल दोरी?” श्रेयाने विचारलं.

“ती चालवणाऱ्यानं मनगटाला बांधायची. माणूस पडला की दोरी निसटती, इंजिन बंद.”

ही गोष्ट श्रेयाला फार आवडली. इतकी महत्त्वाची दोरी हरवली तर, म्हणून तिने ती लगेच हँडललाच दोन गाठी मारून घट्ट बांधून टाकली. घरातल्या सगळ्या किल्ल्याही तिने अशाच बांधून ठेवल्या होत्या.

स्कूटर पाण्यात जायच्या दिवशी सकाळी काठावर पूजा मांडली. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, आदेशने हँडलला झेंडूचा लांबलचक हार घातला. मग लिंबू आलं आणि गाडं अडलं.

“चाकाखाली ठेव,” धोंडाबाई म्हणाल्या.

“आई, चाक कुठंय?”

“मी काय म्हनलं व्हतं?”

स्कूटर ज्या ट्रॉलीवर काठापर्यंत आणली होती, तिच्या चाकाखाली लिंबू ठेवायला गोरखने सुचवलं. धोंडाबाईंना ते पटलं नाही. “मग पूजा ट्रॉलीची झाली. ट्रॉली जाणार हाय का पाण्यात?”

त्यांनीच तोड काढली. स्कूटर पाण्यात ढकलायची, लिंबू तिच्या पुढे पाण्यात सोडायचं, आणि स्कूटर त्याच्यावरून न्यायची. आदेश कंबरभर पाण्यात उतरला. लिंबू सोडलं, स्कूटर ढकलली. लिंबू बाजूला झालं. पुन्हा ढकलली. ते पुन्हा बाजूला झालं आणि तरंगत राहिलं. संस्कृतीने काठावरून टाळ्या वाजवल्या. ती कोरड्या जमिनीवर उभी होती आणि तिच्या अंगात एकावर एक दोन लाइफ जॅकेटं होती.

“चिरडत न्हाई. अपशकुन हाय,” धोंडाबाई म्हणाल्या.

“वजन न्हाई ना वर,” आदेश म्हणाला. “आई, तू बस जरा. फोटोबी निघंल.”

श्रेया जॅकेट घेऊन धावली. “आई, आधी हे.”

“ठुशी झाकती त्यात,” म्हणून धोंडाबाईंनी ते बाजूला सारलं, नऊवारीचा काष्टा आवरला आणि त्या स्कूटरवर बसल्या. हातात प्रसादाचा डबा होता, तो मांडीवर ठेवला. स्कूटरचं नाक पाण्यात दबलं, तरी लिंबू काही आत जाईना.

गोरखने डोकं खाजवलं. “हे यंत्र खालून पाणी ओढतंय. सुरू केलं की लिंबू आपसूक आत जाईल बघा.”

“हो, पण त्यावर आई आहेत,” श्रेया म्हणाली.

“आवो वहिनी, नुसतं सुरू करायचं. मी धरलंय ना मागनं.”

त्याने बटण दाबलं. स्कूटर खोकली, निळा धूर सोडला आणि न्यूट्रल नसल्यामुळे पुढे सरकली. धोंडाबाईंना हिसका बसला. हिसका बसला की माणूस जे हाताला येईल ते धरतं. त्यांच्या हाताला हँडल आलं, आणि हँडलवरची रेस.

गोरखच्या हातात फक्त पाणी उरलं.

“आई, रेस सोड,” आदेश ओरडला.

श्रेयाला वाचलेलं सगळं एकदम आठवलं. रेस सोडली की हे यंत्र वळत नाही, सरळच जातं. “आई, सोडू नका. रेस द्या आणि वळवा.”

“तू गप. आई, सोड.”

“अहो, समोर खडक आहेत. वळवा, आई.”

धोंडाबाईंनी घरी करायच्या तेच केलं. दोघांचंही ऐकलं नाही. खडकांच्या दिशेने त्या ताठ बसून जात राहिल्या. पदर मागे उडत होता आणि हार तोंडावर फडफडत होता. त्यांना पोहता येत नव्हतं. अंगात जॅकेट नव्हतं. लाल दोरी मनगटाऐवजी हँडलला होती, म्हणजे त्या पडल्या असत्या तरी स्कूटर थांबली नसती. श्रेयाला स्वतः मारलेल्या दोन्ही गाठी इथूनही दिसल्यासारख्या वाटल्या.

तोंडावरचा हार धोंडाबाईंना असह्य झाला. एका हाताने त्यांनी तो ओढून काढला आणि पाण्यात टाकला. स्कूटरने तो खालून ओढून घेतला. घर्र असा आवाज झाला, आणि खडकांच्या बऱ्याच अलीकडे, फुगवट्याच्या मधोमध, इंजिन बंद पडलं.

सगळीकडे शांत झालं.

“बोट काढा,” श्रेया म्हणाली.

आदेशने गोरखकडे पाहिलं. गोरखने पाण्याकडे पाहिलं. “स्कूटरचा प्लग गेला व्हता, भाऊ. मी बोटीचा काढून लावला.”

“मग बोटीला?”

“बोटीचा तिकडं मधी हाय. काकूंच्या बुडाखाली.”

एव्हाना देवळातून माणसं काठावर जमली होती. कुणी म्हणालं ही नवी राईड आहे. एकाने तिकीट कुठे मिळतं विचारलं. श्रेयाने सासूने मघाशी बाजूला सारलेलं जॅकेट उचललं आणि थर्माकोलच्या तराफ्यावर मासे धरणाऱ्या जानकूला हाक मारली. तराफा एकाच माणसाचा. जॅकेट गळ्यात अडकवून जानकू वल्हवत निघाला. श्रेया गुडघाभर पाण्यात शिरून उभी राहिली, कारण काठावर उभं राहणं तिला जमेना.

जानकू स्कूटरजवळ पोचला. काहीतरी बोलणं झालं. मग तो एकटाच मागे फिरून हाकेच्या अंतरावर आला.

“जाकीट दिलंय. काकू म्हंत्यात, थांबा जरा.”

“का? लागलंय का त्यांना?”

“न्हाई. पेढा खात्यात.”

आदेश आणि गोरखने बोटीला दोन फळ्या वल्ह्यासारख्या लावल्या आणि ती नेली. स्कूटर दोरीने ओढत काठाला आणेपर्यंत उन्हं चांगलीच वर आली होती. धोंडाबाई उतरल्या. जॅकेट त्यांनी ठुशी दिसेल असं पाठीवर टाकलं होतं.

श्रेयाने त्यांचा हात धरला, तो सोडेना. “आई, घाबरलात ना?”

“आधी भ्याले. मग आवाज बंद झाला.” धोंडाबाई म्हणाल्या. “पोरी, लगीन झाल्यापासनं इतका येळ मी कवा बसले न्हाई. चा टाक म्हनाया कुनी न्हाई, माजा टावेल कुठंय म्हनाया कुनी न्हाई. तू सुदिक काठावरच व्हतीस.”

गोरखने स्कूटर आडवी करून खालच्या जाळीत हात घातला. झेंडूचा लगदा निघाला, दोरा निघाला, आणि शेवटी पार चेचलेलं लिंबू.

“चिरडलं,” धोंडाबाई समाधानाने म्हणाल्या. “झाली पूजा.”

दुसऱ्या दिवशी काठावरच्या त्या गर्दीतल्या दोन बाया परत आल्या. त्यांना उडत जायचं नव्हतं. “मधी नेऊन बंद करून बसवता का?” त्यांनी विचारलं. मग त्यांच्या जावा आल्या, मग वारूळवाडीचा बचतगट. आता आदेश लाल दोरी मनगटाला बांधून एकेकीला हळू नेतो, इंजिन बंद करतो आणि बोलायचं नाही असा नियम पाळतो. मध्यंतरी शोरूममधून फोन आला. नवं मॉडेल आलंय, इंजिन अजून मोठं, किंमत थोडी वाढली आहे.

“ते नीट बंद पडतं का?” आदेशने विचारलं.

धोंडाबाईंना मात्र नंबर लावावा लागत नाही. संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी त्या रोज आदेशच्या मागे बसून मधोमध जातात, आणि परत चला म्हटलं की त्यांना ऐकू येत नाही. श्रेया काठावरून बघते, पण मावळतीचं ऊन पाण्यावर पडलं की तिला नीट दिसत नाही, आणि हाक मारायला बंदी आहे.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. ओझरला दर्शनाला आलात, तर देवळामागे या आणि पाण्याच्या मधोमध बघा. नऊवारीतल्या एक बाई बसलेल्या दिसतील. हाक मारू नका. त्यांनी जॅकेट अंगात घातलंय की नुसतं पाठीवर टाकलंय, एवढंच तिला येऊन सांगा.