डावा गुडघा, उजवा गुडघा

सकाळी स्टुलावरून उतरताना बायको कण्हली, तेव्हा निवृत्त फोरमननी वर्तमानपत्राची नीट घडी घातली आणि तिच्या गुडघ्यांचा प्रश्न तडीस नेण्याचे ठरवले. कारखान्यात त्यांना मागून सगळे ‘गुण्या’ म्हणत, काटकोन तपासायच्या अवजारावरून. काटकोनात नसलेली वस्तू त्यांना सहन होत नसे.

औषध परसातच होते. मागच्या भिंतीवरची औषधी वेल लेकीने परदेशी नोकरीला जाताना लावली होती. आई रोज स्टुलावर चढून तिचे नवे शेंडे सुतळीला बांधी. लेक फोनवर आधी वेलीची चौकशी करी, मग आईबापांची.

“कडेची एखादी मुळी काढा आणि ताजी उगाळून लावा,” शेजारचे वैद्यबुवा म्हणाले. “आमच्या आजोबांपासून हेच चालत आलंय.”

“काका, उगाळत कुठे बसता?” औषधांचा दुकानदार म्हणाला. “याच मुळीचा अर्क आता गोळीत येतो.”

दोघांपैकी खरा कोण, हे ठरवल्याशिवाय फोरमनना चैन पडणे शक्य नव्हते.

“डाव्या गुडघ्याला लेप, उजव्याला गोळी,” त्यांनी घरी जाहीर केले. “फरक कळला पाहिजे.”

“अहो, गोळी पोटात गेल्यावर तिला उजवीकडे वळ म्हणून कोण सांगणार?”

मुद्दा बिनतोड होता. गोळीऐवजी त्याच अर्काचे मलम आले.

“पण वेलीला धक्का लागता कामा नये हं,” बायकोने बजावले. “पुढच्या महिन्यात लेक येतेय.”

“कडेची एकच मुळी,” फोरमननी शब्द दिला.

बायको बाजारात गेल्यावर त्यांनी खणले. कडेच्या मुळ्या वाकड्यातिकड्या निघाल्या; कुठे जाड, कुठे बारीक. असल्या नमुन्यावर कसली चाचणी घेणार? मधले मूळ मात्र सरळसोट आणि एकसारख्या जाडीचे होते. त्यांनी त्याचाच तुकडा कापला. लेप संपला की आणखी एक. दर वेळी खड्डा बुजवून, पायाभरणीत ठोकतात तशी माती धुमसाने ठोकून ते पक्की करत. अर्धवट काम त्यांनी उभ्या आयुष्यात केले नव्हते.

गुडघा किती वाकतो, हे ते कोनमापकाने मोजत. दोन्ही गुडघे सुधारत होते आणि अगदी बरोबरीने. त्यामुळे निकाल लागत नव्हता.

“अहो, पानं पिवळी का पडतायत?”

“ऋतू बदलतोय.”

“शेजारच्यांकडे नाही बदलला तो?”

अखेर वैद्यबुवांना बोलावले. त्यांनी अंगठ्याने माती दाबून पाहिली.

“ही बाग आहे की रस्ता?” त्यांनी वेल हलकेच ओढली, तर ती सगळीच हातात आली. “मधलं मूळ कुठे गेलं?”

“तेच तेवढं सरळ होतं,” फोरमन पुटपुटले.

“म्हणून तर वेल उभी होती.”

 बायकोने स्टूल उचलून आत नेऊन ठेवले. ती चार शब्द बोलली असती, तर फोरमनना बरे वाटले असते.

संध्याकाळी केवळ सवयीने त्यांनी पुन्हा कोनमापक लावले. दोन्ही गुडघे पूर्ण वाकत होते.

“समजत नाही,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “गुण नक्की कशाचा आला?”

“स्टुलाचा,” बायको म्हणाली. “शेंडे फुटायचे थांबले, तेव्हापासून मी कुठे चढतेय?”

इतक्यात फोन वाजला. बायकोने लेकीचे नाव पाहिले आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

“तुम्हीच सांगा.”

भिंतीवर सुतळ्या तशाच होत्या, सगळ्या ओळंब्यात, सरळ उभ्या.

“बाबा, वेल कशी आहे?”

“आईचे गुडघे अगदी छान आहेत,” फोरमन म्हणाले.



“बाबा, मी वेलीचं विचारलं.”