बांधापलीकडची गोळी

माणसाला आपलं भलं कळतं. फक्त ते दुसऱ्यानं सांगितलेलं त्याला चालत नाही. या गंभीर अडचणीवर मात करण्यासाठी छत्रपती संभाजीनगरातील एका संस्थेनं 'व्यक्तिनिहाय आरोग्यसंदेश प्रकल्प' हाती घेतला. कोण कशाला बधतो हे यंत्र आपोआप शिकतं आणि ज्याला त्याला तसा संदेश मोबाइलवर पाठवतं. (आपोआप शिकतं हे कळल्यावर त्यासाठी नेमलेले दोन शिक्षक परत पाठवण्यात आले.)

पहिला प्रयोग करमाडच्या सोनाजीरावांवर झाला. वय एकसष्ट, रक्तदाब एकशे नव्वद. रोज गोळी घेतली नाही तर अंगावरून वारं जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यंत्रानं आधी भीती घातली, मग लाडीगोडी लावली, शेवटी नातीच्या फोटोखाली हात जोडले. सोनाजीरावांनी भीतीचा संदेश सत्तावीस जणांना पुढे पाठवला, फोटो स्टेटसला ठेवला आणि गोळी घेतली नाही.

मग एक दिवस चुलतभावासाठीचा संदेश चुकून त्यांच्याकडे आला: 'बन्सीराव, आजची गोळी घेतल्याबद्दल अभिनंदन!' बन्सीशी त्यांचा शेताच्या बांधावरून एकोणीस वर्षं वाद. सोनाजीरावांनी उभ्या उभ्या गोळी गिळली आणि रिकाम्या पाकिटाचा फोटो संस्थेला धाडला. भावकी समजायला कोर्टाला पिढ्या लागतात. यंत्राला एक चूक पुरली. मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं.

यंत्रानं बन्सीला तातडीनं कळवलं. बन्सीनं दोन घेतल्या. सोनाजीरावांनी तीन.

पंधरवड्यात गोळ्या घेण्याचं प्रमाण तीनशे चाळीस टक्क्यांवर गेलं. (उद्दिष्ट ऐंशी होतं.) प्रकल्पप्रमुख तनुजा मॅडम पुण्यात या यशावर बोलत होत्या, त्याच दुपारी रक्तदाब तळाला जाऊन दोघे भाऊ बांधाच्या दोन बाजूंना चक्कर येऊन पडले. दवाखान्यात शेजारच्या खाटा मिळाल्या. मधलं स्टूल कुणाच्या हद्दीत, हा वाद तिथंच सुरू झाला.

डॉक्टरांनी दोन दिवस गोळी बंद ठेवायला सांगितली. यंत्रानं प्रामाणिकपणे दोघांनाही कळवलं, की समोरच्यानं बंद केली आहे. दोन दिवसांचे आठ झाले. आधी कोण सुरू करणार? आधी सुरू करणं म्हणजे माघार. आणि कुणी सुरू केल्याशिवाय यंत्राला कळवण्यासारखं काही नव्हतं.

"आवो, गोळी घ्या की," सोनाजीरावांची बायको सुगंधाबाई रोज म्हणत.

"बन्सीनं घेतली का?"

"त्यांचं मला काय करायचं? मी सांगती म्हणून घ्या."

"बघू. आधी त्याचं कळू दे."

नवव्या दिवशी सोनाजीरावांच्या उजव्या हातातून चहाचा कप पडला. तो हात पुन्हा उचलला गेला नाही.

यावर नेमलेल्या चौकशी समितीनं सुगंधाबाईंसारखं घरच्या माणसांचं सांगणंही यंत्रात घालून तपासलं. परिणाम शून्य टक्के आला. सर्व गावांत, सर्व वयोगटांत, पदवीधरांतही.

हसू नका. तुम्ही हे वाचत होतात तेव्हा स्वयंपाकघरातून तुम्हालाही कुणीतरी विचारलं, गोळी घेतली का म्हणून. तुम्ही नुसतं 'हं' म्हणालात.