तुमी बेल्यात कोणाचे?

ही नोकरी माझीच होती! मराठी, तेलुगू अन् हिंदी, तिन्ही भाषांत भांडू शकणारी पोरगी अख्ख्या बोथ गावात एकच, अन् ती मी, चंदा. बियाण्याच्या कंपनीला आदिलाबादच्या ऑफिसात शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकायला माणूस पाहिजे होतं. म्हणजे मीच की! नाही लागली तं उन्हाळ्यात माझं लग्न, असं घरी ठरूनच बसलं होतं.

गाडीवर सोडायला बाबा आले. मी बजावलं, "बाबा, तुमी बाहीरच बसा. एक शब्द बोलू नका!"

"मी काऊन बोलीन?" बाबा म्हणाले.

मुलाखत काय रंगली म्हणता! समोर सुरेंद्र साहेब अन् हैदराबादहून आलेल्या मॅडम. साहेब मराठीत विचारत, मॅडम तेलुगूत, अन् मी दोघांनाही धडाधड उत्तरं देऊन राह्यले. मॅडम तं "बागुंदी, बागुंदी" करत खूश! शेवटी साहेब म्हणाले, "सोमवारपासून येता का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून बाबाचं मुंडकं आत आलं.

"पाणी भेटन का?"

पाणी भेटलं. पिऊन गुमान बाहीर जावं की नाही? नाही! बाबा साहेबाला न्याहाळत उभे.

"साहेब, गाव कोणतं तुमचं?"

"बेला."

"बेल्यात कोणाचे?"

"नागोरावांचा मुलगा."

"आँ! मंग तुमी आमच्या सोनाबाईचे पुतणे! ती माझी सख्खी चुलत बहीण!"

साहेबाचा चेहरा पार उतरला. माझ्याकडं वाकून ते कुजबुजले, "थांबवा त्यांना! माझ्या नात्यातलं माणूस इथं घेता येत नाही!"

तिकडं मॅडमनी पेन खाली ठेवलं. "साहब के रिश्तेदार हैं आप?"

"एकदम नजदीक के!" बाबानं छाती फुगवली.

"दूर के! बहुत दूर के!" मी किंचाळले.

"दूरचे?" बाबा दुखावलेच. "यांच्या बारशाला मी जेवून आलो, अन् दूरचे?" अन् पुरावा म्हणून त्यांनी सोनाआत्याला फोन लावला. तोही स्पीकरवर!

"कोण, आपला सुऱ्या?" आत्याचा आवाज अख्ख्या ऑफिसात घुमला. "त्याला तं मी माझ्या हातानं न्हाऊ घातलं! सुऱ्या, चंदाला घे बरं! घरचीच हाय!"

मॅडमना मराठी येत नव्हती. पण एवढं मात्र झटकन कळलं. "सॉरी, अम्मा," त्या मला म्हणाल्या, अन् संपलं!

मी बाहीर आले. डोळ्यात पाणी, डोक्यात जाळ. मागून बाबा खुशीत. "पाह्यलं? ओळख निघाली! आता काम झालंच समज!"

"कप्पाळ झालं!" मी ओरडले.

बाकावर पुढची उमेदवार बसली होती. कडक इस्त्रीचा ड्रेस, लाल टिकली, ओठांतल्या ओठांत उत्तरं पाठ करणं चालू. म्हणजे सोमवारपासून ही येणार अन् मी हळद लावून बसणार! बाबा तिच्या बाजूला टेकले. बसले की विचारल्याशिवाय यांना राहवते थोडंच!

"पोरी, तू कोणाची?"

"इचोड्याच्या भगवंतरावांची."

"भगवंतरावांची? त्यांची बायको बेल्याचीच ना?"

"हो, आईचं माहेर बेल्याचंच," ती म्हणाली.

पुढचं नाव पुकारायला मॅडम नेमक्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बाबाचं तोंड दाबायला मी हात उचललाच होता. मंग खाली घेतला.

"बाबा," मी म्हटलं, "जरा मोठ्यानं विचारा ना. अन् हिंदीत!"