सहीचं प्रमेय

पक्ष (म्हणजे जे आधीच दिलेलं आहे ते)

कागद फ्रिजच्या दारावर लावलेला होता आणि घरातली चारही माणसं दिवसातून दहा वेळा ते दार उघडत होती. तरी त्यावर सही झाली नाही.

कागदाचं नाव 'इयत्ता नववी, गणित : अपेक्षा आणि नियम'. नियम सतरा होते आणि ते लिहिले होते गणिताच्या बाईंनी. बाई म्हणजे या घरातल्या सूनबाई. यंदा त्यांची लेक त्यांच्याच वर्गात आली होती, त्यामुळे बाकीच्या मुलांबरोबर तिलाही तो कागद मिळाला होता. खाली पालकांची सही हवी होती.

बाईंना वाटलं, नियम आपणच करायचे आणि खाली सहीही आपणच ठोकायची हे काही बरं दिसत नाही. यांनी करावी. 'हे' म्हणजे चष्म्याचं दुकान चालवणारे गृहस्थ. दिवसभर ते गिऱ्हाइकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावत आणि घरी आल्यावर कुठलंही अक्षर वाचायला कंटाळत. त्यांना वाटलं, वर्ग हिचा, कागद हिचा, हिने लिहितानाच सही करून टाकली असणार. लेकीला वाटलं, दोन पालक आहेत, दोघांतला एक तरी करेल. चष्मेवाल्याच्या आईला काहीच वाटलं नाही, कारण त्यांना कागदावर काय लिहिलंय तेच दिसत नव्हतं. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती आणि डोळ्यांचा नंबर कधीच बदलून गेला होता. मुलगा रोज म्हणायचा, "उद्या आणतो." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नियम ४. सही केलेला कागद सोमवारी पहिल्या तासाला द्यावा. न देणाऱ्याला पहिल्या चाचणीला बसता येणार नाही. सबब सांगू नये. बाईंनी सगळ्या ऐकलेल्या आहेत.

सोमवारी सगळ्यांनी कागद दिले. ज्याला अख्खा वर्ग 'आळशीमहाराज' म्हणतो त्यानेही दिला. लेकीने दप्तर उघडलं, आत पाहिलं आणि बंद केलं. वर्गाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंनी यादीत तिच्या नावापुढे फुली मारली आणि फळ्याकडे वळल्या. फुली मारताना खडू हातातच राहिला होता, त्यामुळे यादी पांढरी झाली.

साध्य

लेकीला चाचणीला बसवायचं, पण कुणीही नियम वाकवायचा नाही.

तसं पाहिलं तर सोपं होतं. आईने डोळेझाक केली असती तर काम झालं असतं. पण याच चाचणीतून शाळेचा गणित संघ निवडला जाणार होता. संघात जायचं म्हणून लेक सुट्टीभर वह्या भरत होती, आणि तिने जेवताना शांतपणे सांगून टाकलं होतं, "आईने सूट दिली तर मी संघात जाणारच नाही. सगळे म्हणतील, घरचीच गिरणी, घरचंच दळण." शिवाय मुख्याध्यापकांनी बाईंना बजावलं होतं, की गेल्या वर्षी नियमांची जी पायमल्ली झाली ती पुरे. यंदा एकाला जरी सवलत दिलीत, तर नियमांचे कागद पुड्या बांधायला देईन.

"अगं, मी आत्ता करतो सही," चष्मेवाला मंगळवारी संध्याकाळी म्हणाला. "पेन दे."

"सोमवार काल होता."

"मग मी तक्रार करतो. पालक या नात्याने."

"करा की," बाई पोळी उलटत म्हणाल्या. "नियम नऊ बघा."

नियम ९. हरकत असलेल्या पालकांनी आधी एक पूर्ण तास वर्गात बसावं. त्या तासापुरतं त्यांना विद्यार्थी समजलं जाईल. सर्व नियमांसह.

"येतो," तो ताडकन म्हणाला. "उद्याच येतो. बुधवारी दुकान बंदच असतं."

बुधवारी चाचणी होती हे त्याच्या लक्षात आलं नाही. बाईंच्या आलं. त्यांनी पुढची पोळी तव्यावर टाकली.

रचना

भूमितीत सिद्धता अडली, की मूळ आकृतीत नसलेली एक रेघ ओढतात. इथली रेघ कमरेत जराशी जाड होती, आणि ती उशिरा आली.

उशिरा आलेल्याने हजेरी संपेपर्यंत दाराबाहेर उभं राहायचं, हा नियम दोन. बाहेरच्या बाकावर लेक बसली होती.

"बाबा, तुम्ही का उभे?"

"उशीर झाला. तू?"

"तुमची सही," ती म्हणाली. तिने मांडीवरची वही उघडून समीकरणं सोडवायला घेतली. आत ज्यांची परीक्षा होती ते खिडकीतून बाहेर बघत होते, आणि जिची नव्हती ती मान खाली घालून लिहीत होती. चष्मेवाल्याने दुसरीकडे पाहिलं.

हजेरी संपल्यावर तो आत गेला आणि सवयीने म्हणाला, "अगं, मी कुठं..."

वर्गात हशा फुटला. आळशीमहाराज बाकाखालीच गेले.

"बोलण्याआधी हात वर," बाई म्हणाल्या. त्याने हात वर केला. "बाई," तो म्हणाला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, "मी कुठं बसू?"

त्याला पहिल्या बाकावर बसवलं. बाकात पोट मावेना, म्हणून तो तिरपा बसला. तेवढ्यात खिशात फोन वाजला, कुणाचा तरी चष्मा तयार झाला का विचारायला. नियम पाचप्रमाणे फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेला, आणि मग पूर्ण तासभर तो डबा टेबलावर थरथरत राहिला.

पुढ्यात प्रश्नपत्रिका आली. त्याने वर पाहिलं. बाईंनी नुसत्या भुवया उंचावल्या. सर्व नियमांसह.

त्याने ठरवलं, पास व्हायचं. पोरांसमोर नाक कापून घ्यायचं नाही. 'क्ष'शी त्याची गाठ फार वर्षांनी पडत होती आणि दोघांनी एकमेकांना ओळखलं नाही. पण सहावा प्रश्न सूट मिळणाऱ्या खुर्चीचा होता : बाराशेची खुर्ची, शेकडा पंचवीस सूट, विक्रीची किंमत काढा. त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत नऊशे लिहिलं. हे तर तो फ्रेम विकताना रोज करत होता.

सिद्धता

रात्रीच्या जेवणाआधी बाईंनी टेबलावर गठ्ठा तपासला. पहिली चाचणी त्या मुद्दाम सोपी काढत. पोरांना धीर यावा म्हणून. आजवर तिच्यात कुणी नापास झालं नव्हतं.

"वीसपैकी सहा," त्या म्हणाल्या. "उत्तीर्ण व्हायला सात लागतात."

चष्मेवाल्याने पेपर ओढून घेतला. "खुर्चीचं गणित बरोबर आहे की. शून्य का?"

"पायऱ्या कुठंयत?"

"दुकानात कुणी पायऱ्या विचारत नाही."

"म्हणून तुम्ही दुकानात पास होता."

मग त्याने जे भांडण मांडलं ते लेकीच्या सहीसाठीही मांडलं नव्हतं. उत्तर नऊशे आहे की नाही? मग दोन गुण माझे. दोन मिळाले की आठ होतात, मी पास. त्याची आईही त्याच्या बाजूने सरसावली. लहानपणापासून बिचाऱ्याला एकेका गुणाने मारलंय सगळ्यांनी, देऊन टाक गं दोन, तुझ्या घरचं काय जातंय.

"देते," बाई लाल पेन उघडत म्हणाल्या. "पण त्याआधी कुणीतरी सतरावा नियम वाचा."

सतराव्यापर्यंत आजवर कुणी पोहोचलंच नव्हतं. लेक फ्रिजपाशी गेली आणि तिने वाचला.

नियम १७. पहिल्या चाचणीत वर्गातला एक विद्यार्थी जरी नापास झाला, तरी त्याला एकटं वाटू नये म्हणून फेरचाचणी सगळ्या वर्गाची होईल. संघाची निवडही फेरचाचणीवरूनच होईल.

लेकीने नियम पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचला, आणि मग ती बापाकडे वळली.

"घालू दोन गुण?" बाईंनी विचारलं.

चष्मेवाल्याने पेपर हळूच टेबलावर ठेवला आणि बोटाने पुढे सरकवला. "पायऱ्या नाहीत म्हणजे नाहीत," तो म्हणाला. "शिस्त म्हणून काही असते की नाही?"

"बाबा," लेक म्हणाली, "तुम्ही मुद्दाम नापास झालात?"

तो होय म्हणणारच होता. पण बायकोकडे लक्ष गेलं. "नाही गं," तो म्हणाला. "जीव तोडून लिहिलं होतं." मग आवाज खाली आणून त्याने बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं मी नापास होणार?"

"मी आता काहीच गृहीत धरत नाही," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला ओळखते."

लेक हसत होती. सोमवारपासून पहिल्यांदाच. ताटं घेतली गेली, कुणीतरी पाणी ओतलं, आणि सगळं मिटल्यासारखं वाटत असतानाच लेक पुन्हा फ्रिजकडे पाहून थांबली आणि मोठ्याने वाचू लागली.

नियम १६. नापास विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पालकांची सही हवी. त्याशिवाय फेरचाचणी होणार नाही.

तिघांच्या नजरा फिरत फिरत एका जागी आल्या. चष्मेवाल्याचे पालक म्हणावं असं घरात एकच माणूस होतं, आणि ते ताकाचा पेला तोंडाला लावून बसलं होतं.

"ठेवा तिथं फ्रिजवर," आई म्हणाल्या. "करते उद्या."

तिघंही एकदम उठले. एकाने पेन आणलं, एकीने पेपर समोर धरला, एकीने दिवा लावला. आईंनी दोरा बांधलेला चष्मा नाकावर चढवला, पेपर लांब धरला, जवळ धरला, पुन्हा लांब धरला आणि खाली ठेवला.

"तुमचे सतरा नियम असतील, माझा एकच आहे," त्या म्हणाल्या. "वाचल्याशिवाय सही नाही. आणि मला दिसत नाही."

"आई, उद्या नक्की..." चष्मेवाल्याने सुरुवात केली.

बायको आणि लेक, दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

बुधवार होता, दुकान बंद होतं आणि ताटात पोळी निवत होती. त्याने खुंटीवरून दुकानाच्या किल्ल्या उचलल्या, चपला चढवल्या आणि कसलीही सबब न सांगता तो जिना उतरला.