पिंपाच्या होडीचं पेट्रोल

बाबगोंडाआण्णांच्या होडीत बसायचं तर आधी वजनाचा अपमान सोसावा लागे. घाटाच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून ते उभे राहत, येणाऱ्याला डोक्यापासून चपलेपर्यंत न्याहाळत आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं सांगत, “वैनी, तुमी ऐंशीच्या घरात. मागं बसा. तू रं किडमिड्या, फुडं. आन् जागा कुणी सोडायची न्हाई. फुडं गर्दी झाली की बूड वर येतं, पंखा वारं खातो.”

सरपंचांच्या सासूबाईंना त्यांनी “दोन पोती” म्हटलं. त्या बाई पुन्हा होडीत बसल्या नाहीत. पुलावरून वळसा घालून मळ्यात जात राहिल्या.

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली. वजनातलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, “आण्णा, मी सत्तर किलो.”

“कारखान्याचा काटा आमाला कवा खरा वाटलाय?” ते म्हणाले. “मागं बसा, काटेवाले.”

तेव्हापासून मी काटेवाले. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, पण माझं खरं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

हे मी हसवायला लिहीत नाही. आमच्या गावात आजही आण्णांना पेट्रोलचोर म्हणतात. ज्यांना पुरात त्या होडीनं बाहेर काढलं, तेही म्हणतात. ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि चिडायचा हक्क सगळ्यात कमी मलाच आहे. म्हणून जे झालं ते सांगून टाकतो.

आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर. महापुरात आम्ही दोन दिवस पत्र्यांवर बसून काढले. पाणी ओसरल्यावर गावानं वर्गणी काढली आणि साताऱ्याकडून, कोयनेच्या जलाशयावरून, एक जुनी बोट आणली. दोन लांब बंद पिंपं, त्यावर सपाट पाट, कडेनं कठडा, मागं पेट्रोलचं इंजिन, त्याच्या बुडाला पाण्यात फिरणारा पंखा. पावतीवर तिचं नाव पॉन्टून बोट. गावात पिंपाची होडी. पुरात माणसं काढायची आणि एरवी पलीकडच्या मळ्यांत बायामाणसं सोडायची, असं ठरलं. कमिटी नेमली आणि मला अध्यक्ष केलं. आण्णा चालवायला पुढं आले. बायको जाऊन वर्ष झालं होतं, ऊस वाट्यानं दिला होता, वेळ होता. पगार मागितला नाही. बोलायची मुभा तेवढी स्वतःच घेतली.

दुसऱ्या उन्हाळ्यात होडीला रोग जडला. इंजिन बोंबलायचं, मागं पांढरा फेस उठायचा आणि होडी मात्र डोहात बसलेल्या म्हशीसारखी जागच्या जागी. पंखा फिरतो, पण पाणी धरत नाही. पलीकडं जायला दुप्पट वेळ आणि दुप्पट पेट्रोल.

गावात मग वैद्य उगवले. कुणी म्हणालं पाती झिजली, कुणी म्हणालं जलपर्णीचं केंदाळ गुंतलं, कुणी म्हणालं इंजिनच उंच बसवलंय. आण्णा सगळ्यांना एकच उत्तर देत. “पंखा बरोबर हाय. तुमीच जागा सोडताय.”

आम्ही सांगलीहून मिस्त्री आणला. त्यानं इंजिन वर उचललं, पात्यांवरून बोट फिरवलं. मग समजावून सांगितलं की पंख्याच्या पोटात रबराची बुश असते. ती सैल झाली की आतला दांडा फिरतो आणि पंखा मागं राहतो. त्यानं कुणाच्या तरी सुनेचं नेलपॉलिश मागवलं आणि आतल्या दांड्यापासून बाहेरच्या पंख्यापर्यंत एक सरळ लाल रेघ ओढली. रबर घसरलं तर रेघ तुटून दोन जागी दिसणार. होडी काढली. ती बाणासारखी पलीकडं गेली आणि बाणासारखी परत आली. रेघ अखंड होती.

“काय बी झालेलं न्हाई हिला,” मिस्त्री म्हणाला आणि येण्याजाण्याचं भाडं घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी होडी पुन्हा म्हैस. मिस्त्रीला परत बोलावलं. पुन्हा बाण. तो आला की होडी धावायची, गेला की बसायची.

मशीन चांगलं, मग पेट्रोल जातं कुठं? हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला कोण जाणे. आठवड्याभरात त्याचं उत्तर सगळ्या गावाला माहीत होतं.

मला ते खरं वाटेना. विचारायला म्हणून मी आण्णांच्या घरी गेलो. उकाडा होता. खाटेजवळ टेबलफॅन फिरत होता, आणि त्याला जाळी नव्हती. उघडी पाती गरगरत होती. वारं माझ्याकडं वळवायला मी सवयीनं हात लांब केला तर आण्णा ओरडले, “हात मागं घ्या. बोटं जात्याल.”

“जाळी कुठं गेली?”

“जाळीनं वारं अडतं. काढून टाकली.”

ज्याच्या बायकोनं आजारपण त्या फॅनसमोर काढलं, तो माणूस फॅनची जाळी फेकून देईल, हे मला पटायला नको होतं. पण मी चहा पिऊन आलो.

मग एका सकाळी उजाडताना फिरायला म्हणून घाटावर गेलो. आण्णा कंबरभर पाण्यात होते. इंजिनाच्या पंख्याभोवती तारेनं काहीतरी आवळत होते. मी पायरीवर उकिडवा बसलो तेव्हा कुठं त्यांचं लक्ष गेलं.

“आण्णा, ही टेबलफॅनची जाळी.”

“डोळं शाबूत हायत म्हणायचं तुमचं.”

“हिच्यामुळं पंख्याला पाणी मिळत नाही. वर केंदाळ अडकतं. मिस्त्री यायचा म्हणलं की तुम्ही काढत होता?”

“मग काय दाखवत बसू त्याला?”

“पण कशासाठी?”

त्यांनी पायरीवरची पिशवी ओढली आणि मूठभर चुरमुरे पाण्यावर टाकले. इंजिनाच्या बुडाशी पाणी उकळल्यासारखं झालं. लहान, मोठे, एकावर एक चढलेले मासे.

“कवठे महांकाळची बाई,” आण्णा म्हणाले. “टँकरच्या पाण्यावर वाढलेली. लगीन होऊन आली, ह्या पायरीवर बसली, मासं बघितलं आन् उठंचना. चुलीवर भात करपला. जल्मभर चुरमुरं घातलं हिनं. ती गेली हे ह्यास्नी कुणी सांगायचं? ही येत्यातच. आन् तुमी होडी नेमकी हितंच बांधली.”

“जागा बदलू.”

“रस्ता हितंच उतरतो. पुरात म्हातारीकोतारी कुठनं उतरवशीला?” ते थांबले. “गेल्या साली किल्ली फिरवली आन् पाणी तांबडं झालं. मी बघितलं. मागं तुमीच बसला हुता, पण तुमी गप्पात.”

“गावाला सांगा की हे. लोक चोर म्हणतायत तुम्हाला.”

“म्हणू द्या. चोराला माणसं वचकून तरी असत्यात. सरपंचाच्या सासूला दोन पोती म्हणणारा मी. माशासाठी जाळी लावतो म्हणलं तर कीव करत्याल. बिचारा, बायको गेली आन् येडा झाला. ते मला चालायचं न्हाई.”

“आणि पूर आला तर?”

“पुरात जाळी काढीन की. मला काय माणसं नकोशी झाल्यात व्हय?”

महिन्याभरानं, पाऊस तोंडावर आला असताना, मारुतीच्या देवळात बैठक झाली. एकानं उठून सरळ विचारलं, “इंजिन चांगलं, रेघ हलली न्हाई. मग पेट्रोल प्यालं कुणी?” सगळे माझ्याकडं बघायला लागले. आण्णांनीही बघितलं आणि मान किंचित हलवली. सांगू नका.

मी त्यांचा शब्द राखला, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. मला पावसाआधी ती जाळी निघायला हवी होती, आणि आण्णा गेले की जाळीही जाणार होती. पुरात काढीन असं त्यांनी सांगितलं होतं. मी त्यावर भरवसा ठेवला नाही. मी एवढंच म्हणालो, “आण्णा, किल्ली द्या.” आमच्या गावात अध्यक्षाचं एवढं वाक्य निकालाला पुरतं.

आण्णांनी किल्ली नव्या चालवणाऱ्याच्या, संभाच्या, हातात ठेवली. “मागं जड, फुडं हलकं,” म्हणाले. “आन् काटेवाल्यांना मधी बसीव. त्यांचं वजन कुठल्याच बाजूला पडत न्हाई.”

लोक हसले. मीही हसलो.

आण्णांनी रातोरात जाळी काढून नेली आणि होडी धावायला लागली. पेट्रोल पुरायला लागलं. आणि हाच पुरावा ठरला. “बघा, आण्णा गेला आन् पेट्रोल वाचलं.” याला न्याय म्हणतात. पुढच्या पुरात होडीनं गल्लीच्या गल्ल्या बाहेर काढल्या, आणि हार माझ्या गळ्यात पडला. तो हार मी घातला.

आण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. भिंतीपलीकडून फॅनचा आवाज तेवढा येतो. पण संभा होडीवर चढताना दिसला की आण्णा पिशवी घेऊन घरातून निघतात, धोतराचा सोगा सावरत वरच्या अंगाच्या मोडक्या पायऱ्यांवर जातात, तळहातानं पाण्यावर थापा मारतात आणि चुरमुरे टाकतात. मासे तिकडं जातात. दर खेपेला. उन्हात, पावसात, गुडघे धरलेले असताना.

गाव म्हणतं, चोरी पचली नाही, म्हाताऱ्याला भ्रम झाला. बिचारा, म्हणतं. त्या माणसाला नको होतं ते नेमकं तेच, आणि वर चोरीही तशीच.

परवा मळ्यात जायला मी होडीत चढलो. संभानं किल्लीला हात घातला.

“थांब जरा,” मी म्हणालो.

“का वं?”

वर आण्णा अजून पायऱ्या उतरत होते. “चुरमुरं पाण्यात पडू देत. आपल्या पंख्याखाली मासे असतात. त्यांना आण्णा तिकडं नेतायत.”

संभानं वर बघितलं, मग पाण्यात वाकून बघितलं. होडीतल्या बायकाही बघायला लागल्या. मग मी त्यांना जाळीची सगळी हकीकत सांगितली, आत्ता लिहिली तशी. सांगता सांगता मी उठलो आणि माझी नेहमीची मधली जागा सोडून मागं, इंजिनाजवळ, जाऊन बसलो.

वरून थापा ऐकू आल्या. खालचं पाणी हळूहळू निवळलं. संभानं किल्ली फिरवली तसा पायऱ्यांवरून, इतक्या वर्षांनी, तोच सगळ्या गावाला ऐकू जाणारा आवाज आला.

“काटेवाले, कुणाला इचारून जागा सोडली?”