प्रदर्शन संपेपर्यंत

लग्नांचे फोटो काढण्यात उमेदीची वर्षं गेलेल्या माणसाला पन्नाशीत समाजाची तळमळ लागली, की तो बेघरांचे फोटो काढू लागतो. आमच्या फोटोग्राफरनेही काढले. त्यातला पोस्टाच्या पायऱ्यांवर राहणाऱ्या मावशीचा असा काही उतरला, की त्याच्या बायकोने भाजी चिरता चिरता मान वर केली. एवढी दाद त्या घरात त्याला प्रथमच मिळत होती.

फोटो मोठ्या प्रदर्शनासाठी निवडला गेला. सोबत नियमावली आली. कलम सात : कलाकृतीची सत्यता टिकावी म्हणून छायाचित्रातील व्यक्ती प्रदर्शन संपेपर्यंत बेघर असणे बंधनकारक आहे, तिच्या सहीचे हमीपत्र जोडावे.

हमीपत्र घेऊन तो पोचला, तर मावशी बोचकं बांधत होती. अकरा वर्षांपूर्वीच्या अर्जावर तिला सरकारी खोली मिळाली होती. तीन दिवसांत ताबा घ्यायचा होता.

"अरे वा!" तो म्हणाला, आणि लगेच हमीपत्राची घडी उलगडली. "मावशी, आठ दिवस थांबता नाही का येणार? प्रदर्शन संपेपर्यंत?"

मावशीने त्याला नीट न्याहाळलं. "तुझं फारच अडलंय का रे?"

"आयुष्य अडलंय हो," तो म्हणाला. बोलताना त्याचा गळा खरोखर दाटून आला, याची नोंद घ्यावी.

"मग थांबते," म्हणत मावशीने सही केली. "पण खोली जाईल रे बाबा."

"ते माझ्यावर सोडा!"

तो तडक खोल्या वाटणाऱ्या सरकारी कार्यालयात गेला. कारकून सज्जन होता. "मुदत वाढते की. अर्ज करा. पंधरा दिवसांत निर्णय कळवतो."

पंधरा आणि तीन यांतला फरक फोटोग्राफरला कळत नव्हता असं नाही. तरी त्याने सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, शिक्का मारलेली पोच घेतली आणि आपण मावशीसाठी धावपळ केली म्हणून त्याला भरून आलं.

चौथ्या दिवशी खोली यादीतल्या पुढच्या माणसाला गेली. पाचव्या दिवशी फोटोला पहिलं बक्षीस मिळालं.

फोटोपुढची गर्दी हटेना. "एवढ्या म्हाताऱ्या बाईला साधी एक खोली मिळू नये?" जो तो विचारत होता. फोटोग्राफरला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. मान खाली घालून तो प्रत्येकाला एकच उत्तर देत राहिला, "व्यवस्था! दुसरं काय?"

तुम्हीही हळहळलात, मान डोलावलीत. अभिप्रायाच्या वहीत तुमची सही आहे. वर तुम्ही कळकळीने लिहिलं आहे : 'डोळे उघडले. प्रदर्शन आणखी महिनाभर तरी ठेवावं.'